तेल गेले, तूप गेले, हाती 'किंवा' आले

मराठी पाककृतीच्या लेखनात सर्वांत निरुपद्रवी दिसणारा आणि आमच्या मते सर्वाधिक नुकसान करणारा शब्द कोणता असेल, तर तो 'किंवा'. अर्धी वाटी तूप किंवा डालडा, मोहनासाठी लोणी किंवा तेल, तळण्यासाठी तूप किंवा कोणतेही रिफाइंड तेल अशा धर्तीची वाक्ये दिवाळीच्या पुरवण्यांतून आणि पाककृतींच्या पुस्तकांतून इतक्या सहजतेने येतात, की त्यांत काही विधान केले गेले आहे याची वाचणाऱ्याला जाणीवही होत नाही. विधान मात्र केलेले असते. 'किंवा'च्या अलीकडे आणि पलीकडे जे आहे ते एकच आहे, निवड केवळ सोयीची आहे, असे ते विधान. ते खोटे आहे, आणि ते खोटे का आहे हे सांगण्यासाठी हा लेख.

आम्ही सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मराठी शिकवतो. 'जल' आणि 'पाणी' या दोन शब्दांत अर्थाची छटा कशी बदलते यावर आपल्या वर्गांतून तास खर्ची पडतात. पण ज्या घरांतून आपले विद्यार्थी येतात, त्या घरांच्या कढईतला स्निग्ध पदार्थ दोन पिढ्यांत तीनदा बदलला आणि प्रत्येक बदलाबरोबर शब्दांचा एकेक संच नाहीसा झाला, याकडे मराठीच्या विभागांनी पाहिलेले नाही. स्वयंपाकाचा विषय गृहशास्त्राकडे, तेलाचा कृषीकडे आणि दुधाचा सहकाराकडे सोपवून आपण मोकळे झालो आहोत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. आमची हरकत बदलाला नाही. स्वयंपाकघरात पर्याय नेहमीच शोधले गेले आणि पुढेही शोधले जातील. जे मिळत नाही त्यावाचून सण अडत नाही, हेच घर चालवणाऱ्या बाईचे शहाणपण. आमची हरकत निनावी बदलाला आहे.

या निनावीपणाचा इतिहास डालड्यापासून सुरू होतो. हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३७ साली हे नाव बाजारात आणले. वनस्पतिजन्य तेलाला हायड्रोजनची प्रक्रिया देऊन ते घट्ट करायचे, दिसायला तुपासारखे रवाळ ठेवायचे आणि तुपापेक्षा पुष्कळ स्वस्त विकायचे, असा हा उद्योग. पिवळ्या डब्यावरचे ते हिरवे झाड पुढे घरोघरी पोचले. तुपात हा पदार्थ मिसळला जाईल ही भीती तेव्हाही होती. म्हणून वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती सरकारने केली. तिळाच्या तेलाचा अंश असलेल्या नमुन्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युराल घातले की लालसर रंग येतो. तुपाच्या नमुन्यात तो रंग आला, की भेसळ उघडी पडते. या नियमामागची दृष्टी आम्हाला फार मोलाची वाटते. पर्याय बाजारात यायला हरकत नाही, पण त्याने आपली ओळख अंगावर वागवली पाहिजे, असे तो नियम सांगत होता. प्रयोगशाळेने जी खूण सक्तीने घातली, ती पाककृतीच्या लेखणीने 'किंवा' लिहून पुसली.

भाषेतही तेच घडले. 'वनस्पती तूप' हा जोडशब्द रूढ झाला आणि खऱ्या तुपावर विशेषण घेण्याची पाळी आली. 'साजूक' म्हणजे मुळात ताजे. साजूक तूप म्हणजे नुकतेच कढवलेले, खवट न झालेले तूप. डालडा आल्यानंतर या शब्दाचा अर्थ 'अस्सल' असा होऊन बसला. सहा महिन्यांपूर्वी डब्यात भरलेले तूपही आता साजूक असते. 'लोणकढे' या शब्दाची गत तर याहून वाईट. लोणी कढवून केलेले ते लोणकढे. घरी लोणी निघणे थांबले, आणि हा शब्द आता बहुधा थापेच्या मागे लावण्यापुरता उरला आहे. तूप गेले, थाप राहिली! कढवणे थांबले तशी भांड्याच्या तळाची बेरीही गेली. ती साखर घालून खाण्यासाठी ज्यांनी लहानपणी भांडणे केली, त्यांच्या नातवंडांना तो शब्द समजावून सांगावा लागतो.

घरचे लोणी का थांबले? याचे उत्तर देताना बायकांच्या आळसावर घसरणारे विद्वान आम्ही पाहिले आहेत. ज्यांनी आयुष्यात कधी रवी हातात धरली नाही त्यांनाच हे उत्तर सुचते. खरे कारण दुधाच्या व्यापारात आहे. दूध नासते, तूप टिकते. म्हणून दूध लांब नेता येत नव्हते तेव्हा गावातून तूप बाजारात जाई आणि ताक घरी राही. सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीला चितळ्यांची डेअरी १९३९ साली सुरू झाली. पुढे १९७० नंतर दुधाचा महापूर योजना आली, सहकारी संघ वाढले, शीतकरणाची सोय झाली, आणि कृष्णाकाठचे म्हशीचे दूध रोजच्या रोज शहराकडे जाऊ लागले. यातून रोख पैसा आला, तो बऱ्याच घरांत बाईच्या हाती आला, मुले त्यावर शिकली. त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु त्या दिवसापासून तूपही घरी राहिले नाही आणि ताकही राहिले नाही. राहिला तो एक शब्द. दूध घालून परतणाऱ्या बाईला आता शेजारीण विचारते, 'आज फॅट किती लागली?' म्हशीच्या दुधातले जे सत्त्व पूर्वी साय, लोणी, बेरी, तूप अशा चार नावांनी घरात फिरत होते, ते डेअरीच्या वहीत एका आकड्याने नोंदले जाऊ लागले.

येथवर वाचून तूपवादी मंडळी माना डोलावत असतील. त्यांचेही समाधान आम्ही टिकू देणार नाही. साजूक तुपाच्या आठवणींनी ओथंबलेले जे लेख दर दिवाळीला छापून येतात, त्यांतला 'पूर्वी' कोणाचा, हा प्रश्न त्या लेखकांना पडत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या कोरड्या तालुक्यांत किती घरांत सणाला तुपाची कढई चढत होती? ज्यांच्या घरी म्हैस होती त्यांचेही तूप विकायला जाई. घरात राही ती वातीपुरती आणि नैवेद्यावरच्या धारेपुरती वाटी. या घरांचा सण तेलावर होत असे, आणि ते तेल करडईचे किंवा शेंगदाण्याचे असे. पश्चिमेकडे जावळी-पाटणच्या डोंगरउतारांवर कारळा पिके, त्यालाच कोणी खुरासणी म्हणतात. त्याचेही तेल निघे. तुपाच्या ऱ्हासावर अश्रू ढाळणाऱ्या लेखनात करडईच्या तेलासाठी एखादे वाक्यही सापडू नये, हा विस्मरणाचा अपघात मानायला आम्ही तयार नाही. ज्याच्या ताटात तूप होते त्याच्याच हाती लेखणी होती, इतका सरळ याचा अर्थ आहे.

करडई हे काळ्या जमिनीतले, ओलीवर येणारे रब्बीचे पीक. काटेरी असल्यामुळे शाळूच्या कडेने तिच्या ओळी पेरत. गुरे आत शिरत नसत. पिकाला कुंपण आणि घराला तेल, असा दुहेरी हिशेब. फलटणला बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या पिकावर अनेक वर्षे काम केले आणि बिनकाट्याचे वाण तयार केले. (इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर याच फलटणच्या घरातल्या, एवढे सांगितले म्हणजे साहित्याच्या अभ्यासकांना हा पत्ता अगदीच परका वाटणार नाही.) तरीही करडईचा पेरा घटत गेला. कोठे उपशाचे पाणी आले आणि ऊस, द्राक्ष, डाळिंब आले. कोठे सोयाबीन आले. काटे तुडवत कापणीला जायला माणूस मिळेना. कोरड्या रानाला पाणी मिळाले याचे दुःख करणारा माणूस त्या रानातला नसतो, तेव्हा तो सूर आम्ही लावत नाही. पण या कहाणीत एक विनोद आहे, तो सांगितलाच पाहिजे. ज्या करडईच्या तेलाला गरिबाचे म्हणून नाक मुरडले जात होते, तेच शहरातल्या दुकानांत हृदयरोग्यांचे तेल म्हणून मानाने विराजमान झाले. 'सफोला' या नावातच करडईचे इंग्रजी नाव दडलेले आहे. खेड्यातल्या कढईतून उतरलेले तेल डॉक्टरच्या सल्ल्याने शहरात परतले, तोवर खेडे पामतेलावर आले होते.

आता आमचा मुख्य मुद्दा. तेलाची घरे तुपाची पक्वान्ने तेलात करून दिवस काढत होती, हा समज चुकीचा आहे. त्यांची पक्वान्नेच वेगळी होती, आणि ती त्या तेलासाठी घडलेली होती. आषाढात तळल्या जाणाऱ्या कापण्या घ्या. गुळाच्या पाण्यात भिजवलेली कणीक, वर तीळ किंवा खसखस, आणि घाण्याच्या शेंगदाणा तेलात मंद आचेवर तळण. गुळाचा खरपूस वास आणि शेंगदाण्याचा वास मिळून कापणीची चव होते. तेलावर लाटलेली पुरणाची पोळी घ्या. तिथे पीठ लावून लाटायचे नसते. तेलानेच ती पोळी पातळ आणि मऊ होते. शेंगदाण्याचे, तिळाचे लाडू घ्या. ते गुळाच्या पाकावर वळतात, त्यांना गोठणारे तूप लागतच नाही. एका अर्थी ही सारी तेलाच्या घरांनी शोधलेली रचना आहे.

मग आजची पाककृती काय सांगते? तेलाऐवजी साजूक तूप वापरल्यास कापण्या अधिक रुचकर होतात, असे सांगते. येथे तूप हाच पर्याय झाला आहे, आणि तोही निनावी. तुपात तळलेली कापणी वाईट लागत असेल असे आमचे म्हणणे नाही. तो दुसरा पदार्थ आहे, एवढेच. पण हा बदल सुधारणा म्हणून सांगितला जातो, आणि तेलाची मूळ कृती गरिबीची तडजोड ठरते. डालड्याने तुपावर जो अन्याय केला, तोच आता तूप तेलावर करत आहे. फरक इतकाच की पहिल्या अन्यायाविरुद्ध गांधीजींपासून सर्वांनी लिहिले, आणि दुसऱ्याला अभिरुची म्हणतात.

'किंवा'च्या दोन्ही बाजू एक नाहीत, हे पदार्थच सांगतो. बेसनाचा लाडू आकार धरतो तो तूप निवताना गोठते म्हणून. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल आपल्याकडच्या कोणत्याही थंडीत तसे गोठत नाही. तेलातला बेसनलाडू बसतो, पसरतो. वनस्पती गोठते, लाडू देखणा होतो, पण तोंडातल्या उष्णतेला ती तुपासारखी सहज विरघळत नाही आणि टाळूला राप धरतो. चिरोट्याचा साटा तांदळाच्या पिठीत घट्ट तूप फेसून करतात. तेथे पातळ तेल घातले तर पदर सुटत नाहीत. बाजारातले खारे लोणी घातले तर त्यातले मीठ आणि सोळा टक्क्यांपर्यंतचे पाणी दोन्ही साट्यात उतरते. उलट साताऱ्याच्या कंदी पेढ्याला बाहेरून तूप घालण्याचे कारणच नसते. म्हशीच्या दुधाचा खवा परतत राहिले की त्याचे त्यालाच तूप सुटते. दुधाच्या पावडरीत लोणी कालवून दहा मिनिटांत केलेल्या गोळ्यांना जे कोणी कंदी पेढा म्हणतात, त्यांनी पेढ्याबरोबर 'तूप सुटणे' हा वाक्प्रचारही मोडीत काढला आहे.

म्हणजे पर्याय वापरूच नये काय? जरूर वापरावा, पण तो कोणत्या कामासाठी वापरतो आहोत ते ओळखून. स्निग्ध पदार्थ पक्वान्नात तीन कामे करतो: वास देतो, बांधतो आणि पदर किंवा खुसखुशीतपणा आणतो. कापणीत वासाचे काम आहे. घाण्याचे तेल नसेल तर गाळलेले, वास न काढलेले शेंगदाणा तेल घ्यावे. वास काढून टाकलेल्या रिफाइंड तेलाने ते काम होत नाही. लाडूत बांधण्याचे काम आहे. घरचे तूप नसेल तर डेअरीचे तूप चालेल. तेच घ्यायचे असेल तर म्हशीचे अधिक रवाळ. तेलच हाताशी असेल तर बेसनाचा हट्ट सोडून पाकाचा लाडू करावा. साट्यात पदराचे काम आहे. तेथे घट्टपणाला पर्याय नाही, म्हणून वैशाखात चिरोटे करायचेच असतील तर तूप आधी गार करून घ्यावे. अशी तीन वाक्ये लिहायला किती जागा लागते? 'किंवा'पेक्षा थोडी जास्त.

सांगलीत संसार केलेल्या कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले. त्या पुस्तकाने वाटी-चमच्याचे माप मराठी पाककृतीला दिले, आणि सासूच्या अंदाजाने चालणारा स्वयंपाक परगावी एकट्या राहणाऱ्या सुनेच्या आवाक्यात आणला. हे मोठेच काम होते. परंतु मापाची जी शिस्त त्या परंपरेने कमावली, ती पदार्थाच्या नावालाही लावण्याचे काम पुढच्या लेखकांनी केले नाही. अर्धी वाटी हे अचूक झाले. अर्धी वाटी कशाची, हे मोघमच राहिले.

यावर आक्षेप येईल की ही चैन आहे. ज्याला जे परवडते त्याने ते वापरावे, तुम्ही कोण सांगणार? या आक्षेपाला आम्ही सर्वांत गंभीरपणे घेतो. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने 'आनंदाचा शिधा' या नावाने शंभर रुपयांत एकेक किलो रवा, चणाडाळ व साखर आणि एक लिटर पामतेल असा संच शिधापत्रिकेवर दिला. तो ज्यांनी घेतला त्यांना हसण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि त्या रव्याचे, त्या डाळीचे ज्यांनी फराळ केले त्यांचा सण कोणाच्या सणाहून उणा नव्हता. आमचा प्रश्न संच बांधणाऱ्याला आहे. ज्या राज्यात करडई आणि भुईमूग पिकतो, त्या राज्याच्या दिवाळीच्या पिशवीत इंडोनेशिया-मलेशियाच्या झाडाचे तेल असणे इतके स्वाभाविक कसे झाले, की त्यावर चर्चाही होऊ नये? पिशवी उशिरा आली, संच अपुरे आले, यावर बोलले गेले. तेल कोणते, हा प्रश्नच नव्हता. 'कोणतेही तेल' हे पाककृतीतले शब्द अखेर धोरणाचे शब्द झाले. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आज बाहेरून येते, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा आहे. 'किंवा' हा शब्द व्याकरणात उभयान्वयी अव्यय असेल. बाजारात ती खुली परवानगी असते.

निनावीपणाची किंमत कोण मोजते, तेही पाहण्यासारखे आहे. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटचा धोका माहीत झाल्यानंतरही तिला तेल-तुपाच्या टक्केवारीत बांधायला वेळ लागला. तीन टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून आणि दोन टक्क्यांची जानेवारी २०२२ पासून आली. दरम्यानच्या दशकांत 'तूप किंवा डालडा' वाचून ज्यांनी लेकरांसाठी लाडू वळले, त्यांना आपण काय निवडतो आहोत हे त्या दोन अक्षरांनी सांगितले नव्हते.

दुसरा आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा असणार. पाककृती हे साहित्य नव्हे, मराठीच्या प्राध्यापकांनी तेलातुपात का पडावे? लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या 'गृहिणीमित्रा'पासून आजपर्यंत शंभराहून अधिक वर्षे मराठी स्त्रीने सलगपणे वाचलेला गद्यप्रकार कोणता, याचा शोध ज्यांना घ्यावासा वाटत नाही, त्यांनी वाचकाभिमुख समीक्षेवरचे चर्चासत्र खुशाल भरवावे. मोहन, साटा, बेरी, खरवड, लोणकढे, रवाळ, घाणा, पेंड, तूप सुटणे हे शब्द कोशात मिळतील. पण मोहन नेमके किती कडकडीत असावे, हे सांगताना माण-खटावची बाई कोणते क्रियापद वापरते, हे कोशात मिळणार नाही. ती सत्तरी ओलांडलेली आहे. तिची नात आपल्या एम. ए.च्या वर्गात बसते आणि लघुप्रबंधासाठी चौथ्यांदा तोच कादंबरीकार निवडते. तिला घरी पाठवा, वही-पेन्सिल देऊन. ज्या घरात करडईचे तेल कढवले गेले त्या घराची पाककृती त्या तेलाच्या नावासकट उतरवून आणायला सांगा. कृतीत कोठे 'किंवा' आला तर त्याच्या दोन्ही बाजूंना काय होते, ते कोणी बदलले आणि का बदलले, हे विचारून यायला सांगा.

आणि पाककृती लिहिणाऱ्यांकडे आमचे मागणे याहून लहान आहे. तूप वापरलेत तर तूप लिहा, आणि गायीचे की म्हशीचे ते लिहा. पामतेल वापरलेत तर पामतेल लिहा. त्यात लाज कसली? करडईचे तेल मिळाले नाही म्हणून सोयाबीनचे घेतले, असे एक वाक्य लिहिलेत, तर पुढच्या वाचकाला निदान इतके कळेल की येथे एके काळी करडई होती. म्हणीतल्या माणसाच्या हाती शेवटी धुपाटणे तरी आले. आपल्या हाती 'किंवा' आला आहे, आणि तो खाली ठेवण्याजोगा आहे.